काकांचं मोठं दार

आमच्या धर्मप्रांताचा इतिहास ज्याला हवा असेल, त्यानं कचेरीतली कपाटं धुंडाळण्यात काही अर्थ नव्हता. तो इतिहास प्रवरेच्या काठी, लिंबाखाली, बाजेवर बसलेला असे आणि त्याला ऐकू जरा कमी येई. हा इतिहास म्हणजे आमच्या हिचे थोरले काका. मिशनच्या शाळेत त्यांनी उभा जन्म सुतारकाम शिकवलं. त्यांना इसवी सन ठाऊक नव्हते असं नाही, पण ते वापरत नसत. त्यांचा काळ बिशपांवरून चाले. आधी मुंबईहून येणारे बिशप, मग प्रांत वेगळा झाल्यावरचे आपले बिशप, असे त्याचे दोन खंड; आणि दुसऱ्या खंडात प्रत्येकाला काकांनी दिलेलं नाव. छत्रीवाले, मोटारवाले, खोकलेवाले, आणि एक असे, ज्यांचं मराठी इतकं शुद्ध होतं की खेड्यात ते कोणालाच कळत नसे. हिचा जन्म कधीचा असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, छत्रीवाले साहेब विलायतेला परत गेले त्याच्या पुढच्या सुगीत. म्हैस व्याली, विहिरीला पाणी लागलं, गावात एसटी आली, सगळं कुठल्या ना कुठल्या बिशपांच्या राज्यात झालेलं असे.

मी अमेरिकन पाद्र्यांच्या मंडळीतला. आमच्याकडे बिशप हा प्रकारच नव्हता. पंच बसत, हात वर होत, ठराव पास होई आणि लोक घरी जेवायला जात. लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा काकांनी हे सगळं नीट ऐकून घेतलं, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "मंग तुमच्यात रागावतं कोन?" पंचांना विचारून सांगतो, असं मी म्हणालो. अजून विचारायचं राहिलंय.

पण काकांचं खरं वेड म्हणजे ते दार. गावातलं विलायती पाद्र्यांचं चर्च दगडी आणि बुटकं होतं. त्याचं मोठं दार काकांनी ऐन विशीत आपल्या हातानं केलेलं, सागाचं, दोन फळ्यांचं, वर द्राक्षांचे घोस कोरलेले. आमच्याकडे तेव्हा द्राक्षं कोणी पाहिली नव्हती, म्हणून ते घोस बोरांसारखे दिसत. नवं चर्च बिशपांनी येऊन देवाला समर्पित करायचं, अशी त्यांच्याकडची रीत. त्या दिवशी दार आतून बंद ठेवायचं, बिशपांनी बाहेरून आपल्या काठीनं तीनदा ठोठावायचं, मग आतून उघडायचं. तोवर त्या दारानं कोणी जायचं नाही. ठरल्या दिवशी छत्रीवाले बिशप आले खरे, पण भंडारदऱ्याकडे असा पाऊस झाला होता की प्रवरा दोन्ही थड्या भरून चाललेली, आणि नावाडी काही केल्या नाव काढीना. बिशपांनी पलीकडच्या थडीवरून हात उंच करून आशीर्वाद दिला, बराच वेळ तसाच धरला आणि ते परत गेले. आशीर्वाद अलीकडे पोचला की नाही यावर गावात बरीच वर्षं वाद होता. चर्च सांभाळणाऱ्या पाळकसाहेबांच्या मते पोचला. काकांच्या मते तो नदीच्या मधल्या भोवऱ्यापर्यंत आला असावा, पुढं नाही.

तेव्हापासून मोठं दार बंदच. येणंजाणं बाजूच्या, पाळकांसाठी ठेवलेल्या अरुंद दारानं. त्यातून धडधाकट माणूसही अंग चोरून जाई. दर शनिवारी काका वाटीत करडईचं तेल घेऊन जात आणि कधीही न उघडलेल्या त्या दाराच्या बिजागऱ्यांना घालत. असं पस्तीस-छत्तीस वर्षं. नवे बिशप झाले की त्यांना एक पत्र जाई, जुन्याचीच नक्कल. उत्तर येई ते फार सभ्य असे. पुढच्या दौऱ्यात, देवाची इच्छा असेल तर. मग कधी लढाई निघे, कधी रस्ता खचे, कधी खोकला वाढे. दाराच्या आतल्या अंगाला काकांनी सुतारी पेन्सिलीनं एकाखाली एक सगळ्या बिशपांची नावं लिहिली होती आणि प्रत्येकापुढं दोन शब्द, 'आले नाहीत'. आमच्या धर्मप्रांताचा लिहिलेला म्हणावा असा इतिहास मी तेवढाच वाचला आहे.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं, काकू जाईपर्यंत. रिकामी शवपेटी उभी करून आत आणली होती, पण काकूंना घेऊन ती बाजूच्या दारातून निघेना. सरळ निघेना, उभी करणं बरं दिसेना. सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. काका मोठ्या दाराकडे पाहत राहिले. शेवटी चौघांनी पेटी एका अंगावर तिरकी केली आणि काकूंना तशा बाहेर काढलं. हिनं सहा महिने काकांशी अबोला धरला. मीही मनातून रागावलो होतो. एका शनिवारी मी चर्चमध्ये गेलो तर काका तेलाची वाटी हातात घेऊन नुसते उभे. म्हणाले, "तिरकी गेली रं ती. आता साहेब आल्याबिगर हे दार उघडलं, तर तिला उगाच तिरकी केली असं व्हईल." त्यानंतर मी त्या दाराची थट्टा केली नाही.

सत्तरच्या सुमारास विलायती, अमेरिकन अशा सगळ्या मिशनांच्या मंडळ्या एक झाल्या. आमचे लोकही तिथंच उपासनेला येऊ लागले आणि अरुंद दारात चेंगराचेंगरी होऊ लागली. आम्ही आमच्या रिवाजाप्रमाणे पंच बसवले, हात वर केले आणि मोठं दार उघडण्याचा ठराव एकमतानं पास केला. काका उठले आणि दाराला पाठ लावून उभे राहिले. शांतपणे म्हणाले की हात वर करून दार उघडत असतं, तर छत्रीवाल्यांच्या हातानं तेव्हाच उघडलं असतं. यावर आमच्याकडे ठराव नव्हता. एवढं मात्र ठरलं की बिशपसाहेबांना शेवटचं एक पत्र जाऊ द्यावं. ते नाताळच्या आत आले नाहीत, तर दार उघडायचं. काकांनी मान हलवली. पत्राची नक्कल त्यांनी केली, पत्ता मी लिहिला.

त्या साली दुष्काळ पडला. खायला सरकारी सुकडी, हाताला खडी फोडायचं काम, जिकडेतिकडे धूळ. प्रवरेचं पात्र पांढरं पडलं आणि रात्रंदिवस कानावर असलेला पाण्याचा आवाज गेल्यावर गाव झोपेत असल्यासारखं वाटू लागलं. अशात बिशपांचं उत्तर आलं, आणि त्यात 'देवाची इच्छा' नव्हती, वार होता. हे बिशप आपल्याच जिल्ह्यातले, शेतकऱ्याच्या घरातले. ठरल्या दिवशी लेझीमवाली मंडळी हार घेऊन सडकेच्या फाट्यावर गेली. आत आम्ही चटयांवर बसलो. काका कोट घालून दाराशी उभे राहिले. कान साथ देत नव्हते, म्हणून एक तळहात लाकडावर टेकवलेला, दुसरा अडसरावर. सगळ्या बिशपांची नावं क्रमानं घेणारं स्वागताचं भाषण त्यांनी पाठ केलेलं होतं. ते भाषण हिचं, माझं आणि म्हशीचंही पाठ होतं.

बराच वेळ गेला. उन्हाचा एक पट्टा चटईवरून सरकत माझ्या गुडघ्यावर आला. मला पेंग येत होती. तेवढ्यात बाजूच्या दारानं एक धुळीनं माखलेले गृहस्थ आत आले, चपला हातात. दुष्काळी कामावरचे कोणी साहेब असावेत. मी त्यांना जरा सरकून जागा दिली. त्यांनी हळूच विचारलं, ते म्हातारबाबा दाराला हात लावून का उभे आहेत? मला वेळ होताच. मी त्यांना सगळं सांगितलं. छत्रीवाले, भोवरा, तेल, पेन्सिल, काकूंची तिरकी पेटी, आमचा ठराव. ते खाली मान घालून ऐकत राहिले. मग म्हणाले, "माझी काठी नदीपलीकडं जीपमध्येच राहिली की." आणि उठून, आले तसे बाजूच्या दारानं अनवाणी बाहेर गेले.

माझी पेंग उडाली ती तेव्हा.

बिशपसाहेब सडक सोडून कोरड्या पात्रातून चालत आले होते, आणि बाहेर एक धनगर मेंढरं घेऊन थांबला होता, त्याची काठी त्यांनी मागून घेतली, हे नंतर कळलं. आत आम्हाला फक्त तीन ठोके ऐकू आले. काकांना ते तळहातात लागले असणार. त्यांनी अडसर काढला. दार अडकेल, फुगलं असेल, म्हणून आम्ही पहार आणून ठेवली होती. पण दार कुरकुरलंसुद्धा नाही. बोटानं लोटावं तसं उघडलं, आणि इतका उजेड आत आला की क्षणभर कोणालाच काही दिसेना.

काका समोरच्या अनवाणी माणसाकडे पाहत राहिले. भाषणातलं एकही नाव त्यांना आठवलं नाही.

"या साहेब," ते म्हणाले. "लई उशीर केला."

"नदीला पानी हुतं, काका," बिशप म्हणाले. "आता आटलंय."

काकांनी त्यांचा हात धरून त्यांना आत घेतलं. त्या दिवशी समर्पण झालं, लेझीमवाले ते संपल्यावर धापा टाकत पोचले, आणि संध्याकाळी काकांनी पेन्सिल घेऊन यादीच्या तळाशी शेवटचं नाव लिहिलं. त्यापुढं एकच शब्द, 'आले'. गाव मोठ्या दारानं जाऊयेऊ लागलं. काका मात्र बाजूच्या दारानंच येत. सवय, असं आम्ही समजलो.

पुढच्या वर्षीच्या सुगीनंतर काका गेले. आम्हाला वाटलं, निदान यांना तरी त्यांच्याच दारानं ताठ, सरळ नेऊ. पेटी उचलली तेव्हा हिनं माझ्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांना थांबवलं. काकांनी आदल्या आठवड्यात तिला जवळ बोलावून सांगितलं होतं, "मला बाजूनंच न्या. ती तिकडून गेली हाय."

म्हणून त्या दिवशी आम्ही मोठं दार सताड उघडं ठेवलं, आणि काकांना बाजूच्या अरुंद दारानं, एका अंगावर तिरकं करून, बाहेर काढलं.