काजं नसलेला कोट

कारखान्यात मावशी म्हणून हाक मारली की तीन बायका वळून बघायच्या, म्हणून हिला टाचणीमावशी म्हणायचे. दिवसभर ओठांत पाच-सहा टाचण्या धरलेल्या, आणि त्यांच्या आडून बोलणं इतकं स्वच्छ की नव्या मुलींना वाटायचं, बाई जन्मली तीच टाचण्या घेऊन. तीस वर्षं तिनं एकच काम केलं. नवीन कपड्याचा पहिला नमुना ती शिवायची, आणि तो बघून बाकीचे हजारो शिवले जायचे. नमुन्याला कुणी नुसतं बोट लावलं तरी तिचं डोकं फिरायचं. लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलंच तर म्हणायची, मापं घ्यायला माणसं पुष्कळ मिळाली, ठेवून घ्यावं असं एकही मिळालं नाही.

तर त्या वर्षी या बाईच्या गळ्यात फोटोंचं लोढणं आलं. मालकीणबाईंनी आजवर दुसऱ्यांच्या नावानं कपडे शिवून दिले होते, आता स्वतःच्या नावाचे कोट काढायचे ठरवले. थंडीचे आठ कोट. आणि त्यांचे फोटो काढायचे कधी, तर भर उन्हाळ्यात. बाहेरच्याला हा वेडेपणा वाटेल, पण या धंद्याची रीतच अशी. दुकानदाराला थंडीचा माल चार महिने आधी डोळ्यांनी बघायचा असतो. त्यामुळे बाकीची दुनिया पंख्याखाली बसते, तेव्हा कुणीतरी लोकरीचा कोट घालून उन्हात हसत उभं असतं.

हे कुणीतरी म्हणजे टाचणीमावशीची खरीखुरी भाची, थोरल्या बहिणीची मुलगी. वय वीस. शाळेत असल्यापासून ती कारखान्यात यायची आणि मावशी तिच्या अंगावर नमुने बसवून बघायची. आठही कोट तिच्याच मापाचे होते. थोरलीच्या मनात नव्हतं. पोरीला ऊन सोसत नाही, लहानपणी दोनदा शाळेच्या मैदानावर चक्कर येऊन पडलीय, असं ती परोपरीनं सांगत होती. मावशीनं तिला गप्प केलं. मी तिथं असताना पोरीच्या केसाला धक्का लागणार नाही, असं छाती ठोकून सांगितलं, तेव्हा कुठं थोरलीनं होकार दिला.

तयारी मावशीनंच केली. जागा ठरली तलावाच्या काठच्या दगडी पायऱ्या, आणि परवानगी सकाळी आठ ते दुपारी एक. तिनं यादी लिहिली: दोन छत्र्या, बर्फाची पेटी, टिपकागद, सुया, दोरे, इस्त्री, वायरचं भेंडोळं. कुठला कोट कधी घालायचा तेही तिनंच ठरवलं. हिरवा कोट सगळ्यांत देखणा, घोट्यापर्यंत लांब, आतून दुहेरी अस्तर. फोटोंच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर तोच जायचा होता. तो तिनं सगळ्यांत शेवटी ठेवला. आधी घातला तर हाताळून मळेल, पायऱ्यांची धूळ लागेल, ही भीती. सगळ्यांत जड कोट सगळ्यांत तापल्या वेळी येतोय, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. चार दिवस तिला अन्न गोड लागत नव्हतं, आणि त्या चार दिवसांत काळजी केली ती सगळी कोटांची.

त्यात हिरव्या कोटाची बटणं आली आदल्या संध्याकाळी. जाड कापडाला काजं हातानं करायची तर पुरता एक दिवस हवा. मावशीनं जुनी युक्ती काढली. बटणं नुसती वरून टाचून टाकली आणि ठरवलं की कोट पोरीच्या अंगावरच पुढून शिवून बंद करायचा. एरवी असा कपडा मागून चिमट्यांनी आवळतात, पण तलावावर वारा असतो, कड फडफडली की फोटो गेला. अंगावर शिवलं की कापड हलत नाही. आजवर दहा वेळा तिनं हे केलं होतं, पण ते चार भिंतींच्या आत, पंख्याखाली.

सकाळ बरी गेली. बरी म्हणजे काय, मावशीचा जीव मुठीत होता, पण काम पुढे सरकत होतं. फोटोग्राफर मोजून बोलणारा माणूस होता. मालकीणबाई सारख्या घड्याळ बघत होत्या. पोरगी मात्र खुशीत होती. दर कोटाला म्हणायची, मावशी, हा माझ्या लग्नात दे, आणि मावशी टाचण्यांच्या आडून म्हणायची, आधी लग्न तर जमव. सातवा कोट उतरला तेव्हा सव्वाबारा झाले होते. पोरीनं पाण्याची बाटली तोंडाला लावली, तर मावशीनंच ती काढून घेतली. एकदा शिवलं की मोरीवर जाता येणार नाही, दोन घोट पुरे, असं तिनं बजावलं. पोरीनं ऐकलं. मावशीचं ती नेहमीच ऐकायची.

मग मावशी तिच्यापुढे गुडघे टेकून बसली आणि गळ्यापासून गुडघ्यापर्यंत कोट शिवत गेली. दोरा दुहेरी, मेण लावलेला, टाके कडेच्या आत लपवलेले. शिवण अशी बसली की फोटोग्राफरनंसुद्धा वाकून बघितलं. मावशी मनातून फुलून गेली.

फोटोचं काम पाच मिनिटांचं होतं, पण ढग आला. तो गेला तर वारा सुटला आणि पोरीचे केस तोंडावर यायला लागले. वारा पडला तर फोटोग्राफर म्हणाला, अजून दहा मिनिटं द्या, पहिल्या पानाचा फोटो आहे. मालकीणबाईंनी मान हलवली. एक वाजायला आला होता, पहारेकरी दोनदा येऊन गेला होता. मावशी छत्री धरून बाजूला उभी होती आणि दर दोन मिनिटांनी पुढे होऊन पोरीच्या मानेवर टिपकागद लावत होती, घाम कॉलरला लागू नये म्हणून. तिसऱ्या वेळी कागद कोरडा निघाला. मावशीला हायसं वाटलं. घाम थांबला, कॉलर वाचली.

अहो, तापल्या उन्हात, अंगावर लोकर, आणि घाम थांबतो. हे कुठल्याही आईला कळलं असतं. मावशीला कळायला अर्धं मिनिट लागलं. पोरगी मघापासून एक शब्दही बोलली नव्हती, हे तिला तेव्हा आठवलं. छत्री टाकून ती वळली, तोवर पोरीचे गुडघे दुमडले होते आणि ती पायरीवर बसल्यासारखी कोसळली.

सगळे धावले. मालकीणबाई पाणी पाणी करत होत्या, फोटोग्राफर कॅमेरा ठेवून पळत आला. मावशीनं पोरीला मांडीवर घेतलं. मावशीच्या एप्रनच्या खिशात मोठी कात्री होती आणि टाके उसवायचं छोटं पातंही होतं. हात गेला तो पात्याकडे. कापडाला धक्का न लावता ती एकेक टाका उसवू लागली. आपण काय करतोय हे तिच्या डोक्यात नव्हतंच, तीस वर्षांचा हात आपला चालत होता. मेणाचा दोरा सुटता सुटत नव्हता. मग पोरीची मान लुळी पडली आणि गाल मावशीच्या मनगटावर आला. गाल चुलीवरच्या तव्यासारखा तापला होता. मावशीनं पातं फेकलं, कात्री काढली आणि गळ्यापासून घेरापर्यंत कोट उभा फाडला, अस्तरासकट.

बर्फाची पेटी पोरीच्या अंगावर रिकामी केली. फोटोग्राफरच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. सलाईन लावलं. तीन वाजता तिनं डोळे नीट उघडले आणि चारला चहा मागितला. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं.

मालकीणबाई भल्या बाई. कोटाचं नावसुद्धा काढलं नाही, उलट भेटेल त्याला सांगत सुटल्या की मावशीनं क्षणाचाही विचार केला नाही, स्वतःच्या हातचा नमुना टराटरा फाडला. थोरली धापा टाकत आली तेव्हा तिलाही तेच सांगितलं. थोरलीनं मावशीचे दोन्ही हात धरले आणि रडली. तू होतीस म्हणून माझी पोर वाचली, असं म्हणाली. मावशीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

थोरली औषधं आणायला खाली गेली. खोलीत दोघीच उरल्या. मावशी पोरीचे केस सारखे करत होती.

“मावशी,” पोरगी हळूच म्हणाली, “मला सगळं कळत होतं. डोळे उघडत नव्हते फक्त. तू आधी टाके उसवत होतीस.”

मावशीचा हात थांबला.

“मी मोजत होते. अकरा.” मग म्हणाली, “आईला नाही सांगणार मी.”

तिनं रागानं म्हटलं असतं तर मावशीला सोसलं असतं. पण पोरीच्या आवाजात राग नव्हता, मावशीला सांभाळून घेतल्यासारखा सूर होता, आणि तोच तिच्या काळजात रुतला. जिला आपण सांभाळायचं होतं ती आपल्याला सांभाळतेय, या लाजेनं ती भिंतीकडे तोंड करून रडली.

थोरली औषधं घेऊन आली. खुर्ची ओढून जवळ बसली आणि पुन्हा मावशीचा हात हातात घेतला. मावशी म्हणाली, “ताई, मी लगेच नाही कापला कोट. आधी तो वाचवायला बघितलं. अकरा टाके उसवले, मग कापला.”

पोरीनं डोळे मिटून घेतले. थोरली दोघींकडे आळीपाळीनं बघत राहिली. तिनं जन्मात कधी सुई धरली नव्हती, त्यामुळे अकरा टाके म्हणजे किती ते तिला समजेना.

“अकरा टाक्यांना वेळ किती लागतो?” तिनं विचारलं.

मावशीनं सांगितलं. थोरलीनं तिचा हात सोडला.