आईनं चोळलेलं टी ट्री तेल

मैत्रिणींनो, आज दुपारचंच सांगते.

आज रात्री माझ्या भाचीचं झाडीपट्टी रंगभूमीवरचं पहिलं नाटक. गालांवर मुरुम, म्हणून तिनं टी ट्री तेल मागवलं होतं. दुपारी आईनं मायेनं ते तिच्या तोंडभर चोळलं. मोहाच्या बियांचं तेल आमच्याकडे तसंच चोळतात.

"मावशी, आग होऊन राह्यली! डोळे उघडून नाई राह्यले!"

मी पाण्यानं धूत राहिले. आई कोपऱ्यात पुटपुटत होती, "पोरीचं तोंड जाळलं म्या."

अखेर डोळे उघडले. गाल लालभडक. आरशात बघून भाची म्हणाली, "आजी, रडू नको. पयल्या अंकात मले तापच असते."

'पातळ करून लावा' हे बाटलीवर होतं, इंग्रजीत. तुमच्या घरी आईला कोण वाचून दाखवतं?