बायजाची न झेललेली ओळ

...हां, तर ते मिथुनच्या बहिणीच्या हळदीचं राहिलं होतं. काल चहा आला नि गोष्ट तशीच लटकली.

मिथुन जिते स्टेशनाच्या बाजूच्या खाडीकाठच्या गावातला, डोलवीला कंपनीत शिफ्ट करणारा. त्याने हट्टच धरला, की डीजे मागून, आधी बायजाआजीचे धवले. धवले म्हणजे लग्नघरात एकेका देवाला नावानिशी बोलवायची गाणी. ती म्हणणारी धवलारीण. पूर्वी तिने देव बोलावल्याशिवाय नवरीला हळद लागत नसे. आणि बायजा तर पट्टीची धवलारीण. पण अलीकडे बोलावणंच येईना. वाटेत भेटणारे म्हणायचे, तुझा गळा म्हणजे गावाचा दागिना. दागिना आपला पेटीत.

बायजाने एकच अट घातली, धोंडुबाई पाहिजे. बायजाने ओळ टाकायची, धोंडुबाईने झेलायची, म्हणजे तीच ओळ उचलून परत म्हणायची, तिच्यामागून मांडवातल्या बायांनी. टाकलेली ओळ झेलली गेल्याशिवाय पुढली टाकायची नाही. पण धोंडुबाईच्या अंगावरून वारं गेलेलं, ती रोह्याला लेकीकडे पडून. जीभ जड झाली तरी धवला ऐकल्यावर सुटेल, याची बायजाला पक्की खात्री. मानाच्या नव्या लुगड्यापेक्षा तिला त्याचीच आस होती. मिथुन गाडी घेऊन गेला नि म्हातारीला अक्षरशः उचलून घेऊन आला.

पोरगा गुणी हो! दोघींना खुर्च्या दिल्या, बिनवायरचा माईक आणला. आणि मांडवात सगळ्यांना बजावलं, आज्या गात असताना कुणी तोंडातून शब्द काढायचा नाय, व्हिडिओ स्वच्छ आला पाहिजे.

डीजेवाल्या जगनने विचारलं, आजी, गाणं किती मिनिटांचं?

"देव येवस्तवर," बायजा म्हणाली. मांडव हसला नि गप्प झाला.

बायजाने गणपतीला हाक घातली. ओळ सरळ वर गेली, पत्र्याला लागली. मग ती थांबली नि शेजारी वळली. धोंडुबाईचे ओठ हलले. गळ्याची शीर ताठ झाली. आवाज नाही. चांगला हात तेवढा बायजाच्या मांडीवर ठेका धरून होता.

बायजाने तीच ओळ पुन्हा टाकली, जरा सावकाश, लहान मुलाला घास भरवावा तशी. समोर फोनच फोन. उभ्या जन्मात तिच्या ओळी झेललेल्या बायाही मानाने गप्प. एकीने तर नातीच्या ओठांवर बोट ठेवलेलं. तिसऱ्यांदा टाकली तेव्हा बायजाचा आवाज चिरकला. तिने माईक मांडीवर ठेवला.

संपलं वाटून लोकांनी टाळ्या वाजवल्या. जगनने बटण वर केलं. मिथुनच्या बहिणीला, दिशाला, हळद लागली. धोंडुबाईच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते बायजा पदराने टिपत बसली.

मिथुन तिच्या पायाशी उकिडवा बसला. त्या दणदणाटात तिच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाला, आजी, आम्ही सगळे कान देऊन बसलो होतो, एकटीने पुढे का नाय गायलीस?

बायजाने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"देवाला हाक मारली, तर घरातल्या मानसांनी ओ द्यावाची रं बाला. तुमी सगली गप बसलाव. मना वाटला, या घरान कुनी रवतच नाय."