शिपाईमामा आणि लिंबाचा धूर

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी झरीच्या आमच्या शाळेतल्या शिपाईमामांचं नाव घेतो. माझ्या गुरुजींनी मला पुष्कळ शिकवलं, पण संशय घ्यायला शिकवलं ते मामांनी.

मामांचा कशावरच चटकन विश्वास बसत नसे. दुधाचा थेंब नखावर ठेवून तो ठरतो का, हे बघितल्याशिवाय ते दूध घरात घेत नसत. मुख्याध्यापकांनी "उद्या सुट्टी" म्हटलं तरी मामा दारातून विचारायचे, "कागद आलाय का, सर?" पोरं त्यांना पाठीमागे सीआयडी म्हणत. मामा म्हणायचे, "म्हणू द्या. पर कोण कोण म्हणायलंय ते मला ठाऊक हाय."

बारावीनंतर एक इस्त्रीच्या कपड्यांतला माणूस आमच्या घरी आला. नर्सिंगच्या कॉलेजात जागा मिळवून देतो, फक्त मूळ गुणपत्रक आणि दाखला आत्ताच माझ्याकडे द्या, म्हणाला. माझे वडील मेंढ्या राखणारे. असा माणूस आपल्या बाजेवर बसला याचंच त्यांना अप्रूप. त्यांनी कागदांची पिशवी उघडलीसुद्धा होती. तेवढ्यात कुठून तरी खबर लागून मामा सायकलवर हजर झाले.

"असली कागद असे कुणाच्या हातात देत असतेत का, पाव्हणं? आधी कॉलेज दावा."

दुसऱ्या दिवशी मामा मला घेऊन एसटीनं परभणीला गेले. त्या माणसानं दिलेल्या पत्त्यावर एक बंद शटर होतं. शेजारच्या गिरणीवाल्यानं असल्या कॉलेजाचं नावही ऐकलं नव्हतं. मामांना याचा आनंद झाला नाही. ते म्हणाले, "चल, आता खऱ्या कॉलेजात जाऊ. तिथं बी शक घेऊनच जायाचं." त्या दिवशी मला विज्ञान शाखेचा अर्ज मिळाला. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. पुढे एक कोर्स केला आणि आता मी परभणीच्या एका दवाखान्यात ईसीजी काढतो.

मामांना हृदयविकाराचा झटका आला तो निवृत्तीनंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात. दोन दिवस शिवारात कापसाच्या पऱ्हाट्या जळत होत्या आणि सकाळी धूर जमिनीला चिकटून बसायचा. मामा फिरायला म्हणून निघाले आणि वेशीजवळच्या पारावर छाती धरून बसले. त्यांच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवावा लागला. भेटायला गेलो तर म्हणाले, "आत जाळी घातली म्हणतेत. बघितली कुणी?" मी त्यांना अँजिओग्राफीची सीडी दाखवली. ती त्यांनी उजेडात धरून दोन्ही बाजूंनी बघितली आणि परत दिली.

डॉक्टरांनी सांगितलं, गोळ्या घ्या आणि धुरापासून, धुळीपासून लांब राहा. धुरातला बारीक अंश श्वासाबरोबर फुफ्फुसात जातो, रक्तवाहिन्यांना सूज आणतो, रक्त घट्ट करतो. ज्याचं हृदय आधीच दुखावलेलं आहे त्याला तो एकाच दिवसात आडवा करू शकतो. गोळ्यांवर मामांचा पुरता विश्वास कधीच बसला नाही, पण धुराचं त्यांना तत्काळ पटलं. संशय घ्यायला आता अख्खं आभाळ मिळालं होतं.

ते अंगणातल्या दोरीवर सकाळी धुतलेलं पांढरं उपरणं टांगत आणि संध्याकाळी त्यावर ओलं बोट फिरवून बघत. बोट काळं निघालं की चौकशी सुरू. रस्ता रुंद करणाऱ्यांना पाणी मारायला लावलं. वीटभट्टीवाल्याला वारा कुठला आहे ते विचारून आले. शेजारच्या शेतकऱ्यानं सोयाबीनचं काड पेटवलं तर बांधावर जाऊन भांडले.

तो वैतागून म्हणाला, "मामा, आता वाऱ्यावर बी केस करता का?"

"त्याचा पत्ता सांग, करतो."

गाव हसलं. मी हसलो नाही. धुराच्या दिवसांत आमच्या दवाखान्यातल्या बाकड्यावर छाती चोळत बसलेली माणसं मला जास्त दिसतात. मी मोजलेलं नाही, पण शंका येते.

पावसाळा संपता संपता मी त्यांच्याकडे गेलो होतो. तिन्हीसांजेला मामा गोठ्यात होते. घमेल्यात गोवरीचे निखारे, वर कडुलिंबाचा ओला पाला. पांढरा धूर पत्र्याखाली दाटला होता. गाईला माशा-डास चावू नयेत म्हणून हा धूर. गाय दाव्याला मान ओढून दाराकडे तोंड करून उभी होती आणि मामा मात्र घमेल्याला लागून पाटावर बसले होते. ते खोकत होते आणि एक हात छातीवर होता.

"मामा, छातीत दुखायलंय का?"

"न्हाई रं. पेंढी उचलली, म्हणून भरलीय जराशी."

मला ते खरं वाटलं नाही. मी मामींकडे बघितलं. त्या दारातूनच म्हणाल्या, "पेंढी मी उचलली. ह्येंनी बसून बघितलं. साऱ्या दुनियेवर शक घेतेत, ह्या घमेल्यावर न्हाई. रोज घंटाभर बसतेत."

मी चाचरत म्हणालो, "मामा, हा पण धूरच आहे."

मामा माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी त्यांच्या घरातली वस्तू उचलली. "लिंबाचा हाय ह्यो. जन्मलो तवा आईनं ह्याचीच धुरी दिली. पऱ्हाटीचा अन् ह्यो एकच? तू बी लय शिकलास, बाबा."

मी गाय किती दूध देते ते विचारलं. ज्यांनी माझं भलं केलं त्यांना चूक कसं म्हणायचं, हे मला कुठल्याच वर्गात कुणी शिकवलं नव्हतं. परभणीला परतताना बसमध्ये सारखं वाटत होतं की एके दिवशी त्यांचाच ईसीजी माझ्या टेबलावर येणार, आणि ती कागदाची पट्टी बघून मला कळणार की मी बोललो नाही.

म्हणून पत्र लिहिलं. चौथ्या दिवशी मामांचा फोन आला. "हे तुला कुणी पढवलं?" एवढंच विचारलं आणि ठेवला. पण नंतर मामी म्हणाल्या, घमेलं गेलं उकिरड्यापलीकडे, गोठ्याला हिरवी जाळी लागली, आणि जाळीला कुठं भोक आहे का हे मामा रोज तपासतात. त्यानंतर मामा तीन हिवाळे जगले. पत्रामुळे जगले असं मी म्हणणार नाही. तसं म्हटलेलं त्यांनाही खपलं नसतं. पाठवण्याआधी मी त्या पत्राची झेरॉक्स काढून ठेवली होती. ते असं होतं:

ती. मामांस साष्टांग नमस्कार.

त्या दिवशी तुमच्यासमोर बोलायला जीभ वळली नाही, म्हणून लिहितो. लहान तोंडी मोठा घास घेतोय, माफ करा. मामा, रक्ताला झाडाची जात कळत नाही. लिंब पवित्र आहे, पण तो जळला की त्याचा धूरच होतो, आणि तुम्ही तो पत्र्याखाली कोंडलेला, अगदी जवळून घेता. शिवारातला धूर दहा दिवसांचा, हा रोजचा. तुमची गाय दाव्याला बांधलेली असून तोंड फिरवते. तुम्ही मोकळे असून बसता.

माझं ऐकू नका. आठ दिवस घमेलं बाहेर ठेवा आणि चढ चढताना छाती कशी वागते ते तुम्हीच बघा. डॉक्टरांनाही विचारा, माझं नाव न सांगता. मी खोटा निघालो तर दिवाळीला येतो, तेव्हा चारचौघांत मला शिव्या द्या. मी मान खाली घालून ऐकीन.

पण शिव्या द्यायला तुम्ही पाहिजेत, मामा.

तुमचा,
मेंढक्याचा पोरगा