गिरणीच्या फळ्यावर पाच किलो

माझी लेक पेणला जन्मली तेव्हा तिचा वरचा ओठ डाव्या बाजूने थेट नाकपुडीपर्यंत दुभंगलेला होता. आत टाळूलाही फट होती. नर्सने तिला दुपट्यात इतकी गुंडाळून आणली की मला आधी नुसते डोळेच दिसले. मी दुपटं खाली केलं. शेजारी माझी आई उभी होती, तिने ते वर ओढलं. मी परत खाली केलं. मी तापट आहे, हे आत्ताच सांगून टाकते. पुढचं बरंचसं त्यामुळेच घडलं.

डॉक्टरीणबाई खाटेवर माझ्या पायाशी बसल्या आणि औषधाच्या कागदामागे त्यांनी एक चेहरा काढला. पोटात बाळाचा चेहरा दोन्ही बाजूंनी पुढे येत येत मध्ये जुळतो, म्हणाल्या, आणि हे होतं दुसऱ्या महिन्यात. हिचा एका बाजूला जुळायचा राहिला. यात कोणाची चूक नाही. ओठाचं ऑपरेशन आधी, टाळूचं वर्षभराने. पण ओठाला हात लावण्याआधी बाळ तीन महिन्यांच्या पुढे गेलेलं हवं, रक्त चांगलं हवं आणि वजन पाच किलो हवं. तेव्हा ती अडीच किलोची होती. टाळूला फट असल्यामुळे तिला ओढून पिता येणार नव्हतं. दूध काढून, तिला उभी धरून, बोंडल्याने थेंब थेंब पाजायचं, हे त्यांनी करून दाखवलं. आईने माळ्यावरून माझंच बोंडलं काढलं. चोचीची ती पितळी वाटी तीस वर्षं चिंचेची वाट बघत पडली होती.

ग्रहणात तू काय चिरलं होतंस, हे मला पाच बायकांनी विचारलं. दुसऱ्या महिन्यात मला दिवस गेलेत हेच मला धड ठाऊक नव्हतं, असं मी पाचही जणींना सांगितलं. सहावी आली नाही.

बाराव्या दिवशी नवरा रोह्याहून, कंपनीतली शिफ्ट संपवून आला. निरोप सांगताना तो भिंतीकडे बघत होता. सासूबाईंचं म्हणणं होतं की ओठ शिवून झाला की मगच निडीला, सासरी या. तोवर पेणलाच राहा आणि फोटो कोणालाही पाठवू नका. बारसंही तेव्हाच करू.

"म्हणजे चार-पाच महिने पोरीला नाव नाही?" मी विचारलं.

"आई म्हणते, लोकांच्या तोंडाला कोण लागणार."

मी बारसं त्याच संध्याकाळी केलं. पाळण्याशी मी, आई आणि शेजारच्या दोघी. कानात नाव सांगताना आई रडायला लागली, म्हणून ते मीच मोठ्याने सांगितलं. नवरा घुगऱ्यांची वाटी घेऊन दारात उभा होता. तो वाईट माणूस नाही. त्याला फक्त आईपुढे बोलता येत नाही, आणि ते बोलणं माझ्या वाटणीला येतं.

बेचाळिसाव्या दिवशी मी कोणालाही न विचारता लेकीला घेऊन दिवा-रोहा गाडीत बसले. तोंडावर फडकं टाकलं नाही. समोर भाजीची टोपली घेऊन एक म्हातारी बसली होती. ती वाकून वाकून बघायला लागली आणि मी भांडायच्या तयारीने पदर खोचला.

"ओठाला काय झालाय गो?"

"जुळायचा राहिलाय. पाच किलोची झाली की डॉक्टर जुळवणार."

"मग आता किती हाय?"

तोवर सगळे एकच विचारत होते, हे असं कसं झालं. ही पहिली बाई, जिने पुढचं विचारलं. सव्वातीन, मी म्हटलं. होईल होईल, म्हणाली आणि नागोठण्याला उतरून गेली.

निडीत आमची भातगिरण आहे. सासरे गेल्यापासून सासूबाई ती चालवतात आणि लग्न झाल्यापासून मी त्यांच्या हाताखाली आहे. दारात मला बघून त्या आत जाऊन भाकरी घेऊन आल्या. भाकरतुकडा ओवाळून टाकला, रीत सोडली नाही, आणि मग हात पुढे करून दुपटं लेकीच्या नाकापर्यंत वर ओढलं. मी खाली केलं. हे आमचं पुढे कित्येक दिवस चालू राहिलं.

सुगीचे दिवस होते. पडवीत भाताची पोती घेऊन माणसं बसलेली असत. तिथेच आमचा वजनकाटा आणि त्याच्या वर भिंतीला फळा. आज वीज नाही, पोहे सोमवारी, असं त्यावर खडूने लिहायचं. अंगणवाडीत बाळाचं वजन महिन्यातून एकदा व्हायचं, आणि माझा जीव तर रोज टांगलेला. पुढच्या मंगळवारी मी काटा पुसला, परात ठेवली, आत मऊ लुगडं घातलं, आकडा शून्यावर आणला आणि लेकीला वर ठेवलं. तीन किलो तीनशे. पोत्यांवर बसलेली सगळी माणसं बघत होती. त्यांच्यासमोरच मी फळ्यावर लिहिलं: आमची लेक, ३ किलो ३००. पाच झाले की ओठाचं ऑपरेशन.

सासूबाई आतून आल्या. "तान्ह्या पोराचा वजन कोन सांगतो का गो? दृष्ट लागंल. आनि तोंड उघडा टाकून चारचौघांत..."

"चारचौघांना काय ते एकदाच बघू द्या, आई. बघून झालं की आपापलं भात घेऊन घरी जातील."

त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. मी जेवले. बाळाला दूध हवं होतं, उपास परवडणार नव्हता.

दर मंगळवारी आकडा बदलायचा. साडेतीन, तीन सातशे, चार. आधी माणसं फळ्याकडे बघून नजर फिरवायची. मग हळूहळू बोलायला लागली. खांब गावचा एक म्हातारा कांडप झाल्यावरही थांबून राहायचा, कारण त्याला आकडा ऐकून जायचं होतं. गल्फमध्ये मुलगा असलेल्या एका चाचींनी खजूर आणून दिले. पोरीला नाही, तुला, असं बजावूनच दिले. मुंबईच्या इस्पितळाने पौषातली तारीख दिली. तीही मी फळ्यावर लिहून टाकली.

आणि मग थंडी पडली तेव्हा एका मंगळवारी काट्यावर चार किलो शंभर आलं. आदल्या मंगळवारी चार किलो दोनशे होतं. मी परात काढून परत ठेवली. तेच. मी फळा पुसला आणि काहीच लिहिलं नाही. असंच चाललं तर तारीख हातची जाणार होती.

"आज फळा कोरा?" म्हाताऱ्याने विचारलं.

वेळ नाही मिळाला, मी म्हटलं. धादांत खोटं. आणि म्हणताक्षणी मला स्वतःची शरम वाटली, कारण दुपटं वर ओढण्यात आणि फळा कोरा ठेवण्यात काही फरक नव्हता. मी खडू उचलला आणि लिहिलं: ४ किलो १००. शंभर ग्रॅम कमी.

सासूबाई उंबऱ्यात उभ्या राहून वाचत होत्या. दुपारी गिरण थांबली तशा त्या माझ्यासमोर येऊन बसल्या.

"कमी झाला तो माझ्यामुले."

सुगीच्या गर्दीत मी गिरणीच्या पट्ट्याशी असले की दुपारचं दूध त्या पाजायच्या. पण, त्यांनीच सांगितलं, आडवी घेऊन पाजायच्या, कारण उभी धरली की तोंड समोर येतं. आडवी घेतल्यावर दूध नाकातून यायचं आणि पोरगी ठसकायची. मग दोन चमचे झाले की त्या बोंडलं खाली ठेवायच्या आणि उरलेलं दूध मोरीत ओतायच्या.

"मला भेव वाटतं गो," त्या म्हणाल्या. "माझ्या हातान काय झाला तर?"

मला इतका राग आला की मी उठून अंगणात गेले. माझं काढलेलं दूध मोरीत! तीन फेऱ्या मारल्या. मग लक्षात आलं, इतके दिवस मी जिला किळस समजत होते ती भीती होती. राग काही गेला नाही, पण त्याला आता काही काम उरलं नाही. मी आत आले आणि लेकीला त्यांच्या मांडीवर उभी बसवली, डोकं त्यांच्या दंडाला टेकवून, तोंड त्यांच्या तोंडासमोर.

"बघा तिच्याकडे. गिळली की थांबा. मग पुढचा थेंब. ढेकर काढा. परत पाजा."

त्यांनी बघितलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा, इतक्या जवळून. एक बोंडलं संपायला पाऊण तास लागला. त्या दिवसापासून दुपारचं दूध त्यांचं, आणि मध्ये कोणी हाक मारली तर, "पोरगी पितेय, गिरण थांबंल," असं त्या आतूनच ओरडायच्या.

तारखेच्या आदल्या मंगळवारी आकडा त्यांनीच वाचला, मी फक्त लिहिला.

ऑपरेशनच्या सकाळी बाळाला चार तास उपाशी ठेवायचं होतं. ती किंचाळत होती. नर्स तिला न्यायला आली तेव्हा सासूबाई मध्ये उभ्या राहिल्या.

"थांबा जरा, बाई." पिशवीतून त्यांनी आपला फोन काढून माझ्या हातात दिला. "याच्यात फोटो कसा काढतात गो?"

"आत्ता?"

"आत्ताच. हा तोंड परत दिसायचा नाय. माझ्याकडं एक पन फोटो नाय हिचा."

"तुम्हीच नको म्हणाला होतात," मी बोललेच. मला गप्प बसता येत नाही.

"व्हय," त्या म्हणाल्या. "म्हनले होते."

मी त्यांचं बोट धरून बटणावर ठेवलं. फोटो हलला. पोरगी गळा काढून रडते आहे, तोंड मोठ्ठं उघडं आणि फट नाकापर्यंत स्पष्ट.

ऑपरेशन नीट झालं. ओठावर टाक्यांची बारीक रेघ होती, आणि हात तोंडाशी जाऊ नयेत म्हणून कोपरांना पट्टे. सगळे म्हणाले, किती छान. मलाही छान वाटलं. पण रात्रंदिवस जे रुंद, वेडंवाकडं हसू मी ओळखत होते, ते पुन्हा दिसणार नव्हतं, आणि त्यासाठी मी इस्पितळाच्या बाथरूममध्ये जाऊन रडले. यात मला लाजण्यासारखं काही वाटत नाही.

सासूबाईंनी तो फोटो रोह्याच्या स्टुडिओतून मोठा करून आणला. स्टुडिओवाला म्हणाला, ओठ कॉम्प्युटरवर जोडून देतो, कळणारसुद्धा नाही. तिच्या ओठाला हात लावू नकोस, असं सांगून त्या त्याच्या डोक्याशी उभ्या राहिल्या. मग फ्रेम करून त्यांनी तो काट्याच्या वर, फळ्याच्या शेजारी टांगला.

लेक आता चार वर्षांची आहे. टाळूचं ऑपरेशनही झालं, बडबड तर थांबत नाही. मागच्या सुगीत, पडवीत माणसं बसलेली असताना, ती फोटोखाली उभी राहिली.

"ही कोण रडते, आजी?"

"तू."

"ओठाला काय झालंय?"

"जुळायचा होता."

तिने मान वर करून बघितलं. मग काट्यावर चढून आपलं वजन बघितलं आणि विचारलं, "तेव्हा मी किती होते?"

मी आठवायला लागले. सासूबाई सुपातलं भात पाखडत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही.

"पाच किलो चालीस ग्राम."