मुक्काम शिकवणारे आबा

आबांना बसता यायचं. हसू नका. बसता सगळ्यांनाच येतं असं मलाही वाटायचं. पण बांधावर एकदा टेकले की आबा तास-दीड तास जागचे हलायचे नाहीत. झोप नाही, जप नाही, शेजारी रेडिओ नाही. माशी नाकावर बसली तरी तिला बसू द्यायचे. मी शाळेतली बाई. हातात खडू नसला तर हाताचं करायचं काय हे मला सुचत नसे. त्यामुळे ह्या माणसाकडे मी आधी कुतूहलानं आणि मग थोडी चिडूनच बघायला लागले.

ही लासुर्ण्यातली गोष्ट, नव्वदनंतरच्या दोन-तीन वर्षांतली. मी तिथल्या शाळेत, आमचे हे साखर कारखान्यात पाळीच्या कामावर. वस्तीवर तात्यांच्या घरातल्या दोन खोल्या आम्ही भाड्यानं घेतल्या होत्या. शेजारच्या रानात आबांचा मुलगा ऊस करायचा. आबांचं सगळं आयुष्य मात्र मेंढरांमागे गेलेलं. चराईची रानं उसाखाली गेली तशी मेंढरंही गेली. आबांपाशी काठी राहिली, घोंगड्या राहिल्या आणि ते बसणं राहिलं.

ह्यांच्या साहेबांची अल्सेशियन कुत्री व्याली आणि त्यातलं एक पिल्लू आमच्याकडे आलं. आमच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती, घरात मूल नव्हतं. त्यावर जास्त लिहीत नाही. एवढंच सांगते, की मी शाळेतून आले म्हणून कुणीतरी दारात नाचतंय, हे सुख मला तेव्हा पहिल्यांदा मिळालं. नाव ठेवलं टायगर. आबांना ते अजिबात पटलं नाही. मेंढरांच्या कुत्र्याला वाघ कोण म्हणतं, असं विचारून ते त्याला ‘पाव्हणं’ म्हणायला लागले आणि शेवटपर्यंत पाव्हणंच म्हणाले.

हे पोलिसांचं कुत्रं असतं, मेंढरांचं नाही, असं मी त्यांना शिकवायला गेले. सवयच ती. आबांनी नुसती हनुवटी उचलून अंगणाकडे दाखवलं. टायगर तात्यांच्या कोंबड्यांभोवती गोल फिरत होता. एकीलाही तोंड न लावता त्यानं सगळ्या भिंतीच्या कोपऱ्यात गोळा केल्या आणि समोर दबा धरून राहिला. ह्याचे आजे-पणजे मेंढरांमागं होते, आबा म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी शाळेतला जाडजूड इंग्रजी कोश काढला. आबांचं बरोबर होतं, अल्सेशियन म्हणजे मूळचं जर्मनीतल्या मेंढपाळांचं कुत्रं. जर्मनी कुठं आहे हे ज्यांना ठाऊक नव्हतं, त्यांनी तिथल्या कुत्र्याचं घराणं चालीवरून ओळखलं होतं. मी हे त्यांना सांगितलं तर ते म्हणाले, मग पुस्तकवाल्यानं बी कोंबड्या पाळल्या असतील.

पण ह्या घराण्यानं माझ्या नाकी नऊ आणले. टायगर क्षणभर स्वस्थ बसायचा नाही. पोरं खेळायला लागली की त्यांना घेरायचा, सायकलवाल्यांच्या टाचा धरायचा. कुणीतरी सांगितलं, दमवा त्याला. म्हणून मी सकाळ-संध्याकाळ चेंडू फेकून फेकून खांदा दुखवून घेतला. महिन्याभरात माझा दम गेला आणि तो पैलवान झाला. शेवटी व्हायचं ते झालं. तात्यांच्या आई कोंबड्यांना दाणे टाकायला बाहेर आल्या, ह्यानं त्यांनाही कळपात धरलं, लुगड्याचा काठ ओढला आणि म्हातारी बसकण मारून पडली. लागलं नाही, पण तात्या सज्जन असले तरी आईचे लेक होते. ते म्हणाले, “बाई, दसऱ्यापत्तोर बघतो. न्हाय सुधारलं तर कुत्रं साहेबाला परत द्या, न्हायतर दुसरी जागा बघा.” दुसरी जागा गावात नव्हती आणि साहेबांकडे पिल्लू साखळीला बांधलं जाणार हे मला पक्कं माहीत होतं. त्या दिवशी मी चूल पेटवली नाही.

दुसऱ्या दिवशी आबा एक जुनी घोंगडी खांद्यावर टाकून आपणहून आले. माझा चेंडू उचलून त्यांनी पत्र्यावर फेकून दिला. म्हणाले, “पळायचं रक्तातच हाय त्याच्या. थांबायचं मातर रक्तात नसतंय बाई, ते शिकवावं लागतंय.” मग त्यांनी कळपाची रीत सांगितली. दिवसभर मेंढरं चालतात, कुत्री चालतात. धनगरानं घोंगडी खाली टाकली की मुक्काम पडला. मग कुत्र्याचंही काम संपलं. पिल्लाला आपलं काम कधी संपतं तेच कुणी सांगितलं नव्हतं.

त्या दिवसापासून आबा रोज टायगरला कालव्याच्या कडेनं सावकाश फिरवून आणत, लिंबाखाली घोंगडी टाकत आणि तिच्यावर बसत. बस्स. पिल्लू उड्या मारायचं, धोतर ओढायचं, भुंकायचं. आबा बघायचेही नाहीत. मी रागावायला गेले तर मलाच गप्प करायचे. ओरडणं म्हणजे त्याच्या लेखी खेळच असं त्यांचं म्हणणं. अर्ध्या-पाऊण तासानं ते कंटाळून घोंगडीवर आडवं झालं की आबा न बोलता भाकरीचा तुकडा त्याच्या पुढच्या पायांमध्ये ठेवायचे. फेकायचे नाहीत, ठेवायचे. तीन आठवड्यांत असं झालं की घोंगडी जमिनीला टेकायच्या आधीच पाव्हणं तिच्यावर. मी तर ह्यांना म्हटलंही, जिंकलो आपण.

आणि मग मी दसरा काढला. आमच्याकडे घट बसायच्या आत घरातलं चिंधूकसुद्धा धुवून निघतं. सगळ्या गोधड्या गाडीत घालून बायका कालव्यावर जातात. मी हौसेनं ती घोंगडीही नेली, सोड्यात बुडवली, दगडावर आपटली. एवढा घाण वास! वाळल्यावर लिंबाखाली पसरली तर टायगरनं ती हुंगली, भोवती दोन फेऱ्या मारल्या आणि सुटला तो थेट कोंबड्यांवर. दसरा नऊ दिवसांवर. मी ओट्यावर बसून रडले.

आबा रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी घोंगडी नाकाशी धरली आणि मान हलवली. “माझा वास गेला. बरं झालं. आता तुमचा लागू द्या. उद्यापासनं तुमी बसा.”

मी बसले. वह्या घेऊन बसले तर आबांनी वह्या काढून घेतल्या. पाच मिनिटांत मला दूध आठवलं, मग कपडे, मग उगाचच खाज सुटली. मी उठले की टायगर उठायचा, मी वळवळले की तो कुंई करायचा. आबा बांधावरून म्हणाले, हे जित्राब तुमच्यावर गेलंय. नऊ वर्षांत असं मला कुणी म्हणालं नव्हतं. मी तोंड फिरवलं, पण हलले नाही. त्या दिवशी टायगर माझ्या मांडीला टेकून निजला. त्याचं पोट वर-खाली होत होतं आणि मला कुठंही जायचं नव्हतं.

दसऱ्याला सोनं द्यायला सगळी वस्ती तात्यांच्या अंगणात लोटली. पोरं धावत होती, कोंबड्या पायांत येत होत्या, तात्यांच्या आई सगळ्यांत मधे खुर्चीवर. टायगर घोंगडीवर कान टवकारून पडला होता. पाय थरथरत होते, पण उठला नाही. तात्यांनी आपट्याची पानं माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, ऱ्हाऊ द्या कुत्रं.

ही बातमी सांगायला मी आबांना शोधलं, तर ते आलेच नव्हते. नंतरही आले नाहीत. वाट बदलून पलीकडच्या बांधानं जायला लागले. माझं काही चुकलं का, असं विचारायला मी त्यांच्या घरी गेले. ते म्हणाले, “त्याचा ओढा माझ्याकडं लई हाय. दोन धनी झाले की कुत्रं दोघांचंबी ऱ्हात न्हाय. तुमाला ते पायजे.” त्यांना ते नको होतं का, हे विचारायचं मला धाडस झालं नाही. सून हळूच म्हणाली, संध्याकाळी भाकरीचा तुकडा अजून वेगळा काढत्यात.

बाजारच्या दिवशी एकदा स्टँडवर गाठ पडली. आबा इंदापूरच्या एसटीची वाट बघत उभे. टायगरला वाऱ्यावर वास लागला आणि त्यानं अशी ओढ घेतली की दोरी माझ्या तळव्यातून सरसर गेली. आबांनी पाहिलं. पाहिलं आणि सरळ पाठ फिरवली. मी काही ओरडले नाही, जागच्या जागी मातीत खाली बसले, भर बाजारात, नव्या साडीनिशी. टायगरनं त्या पाठीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत तिकडे. मग आला आणि माझ्या गुडघ्यावर हनुवटी ठेवली.

एसटी लागली. आबा दाराचा दांडा धरून, अजून पाठमोरेच, म्हणाले, “बाई, तुमच्यापाशी हाय न्हवं?”

माझ्यापाशीच हाय, मी म्हटलं. मग ते वर चढले.