माईंच्या पलंगावर

माझं अक्षर वाकडं आहे आणि शुद्धलेखन मला कधी जमलंच नाही. चौथीत शाळा सुटली. त्यानंतर पेन धरलं ते सहीपुरतं. कुणी हे वाचलंच तर चुका पोटात घाला. बहीण कामावर गेली की दार लावून लिहिते. लिहिताना पण भीती वाटते.

"झोप तिथं. भिंतीकडं तोंड कर."

असं दादा म्हणाले. दादा म्हणजे हैदराबादला चिक्कडपल्लीतल्या त्या घराचे मालक. मी त्यांच्या आईला, माईंना सांभाळायला होते. तिथं म्हणजे माईंच्या पलंगावर. आणि माई तर उन्हाळ्यातच वारल्या होत्या.

मी हलले नाही. कितीतरी वर्षं त्या पलंगाशेजारी फरशीवर झोपले. माईंना उठवलं, पुसलं, भरवलं. पण पलंगावर कधी बसले नाही. एकदा त्यांचे पाय दाबताना कडेला टेकले, तर दादांच्या बायकोनं, वहिनींनी लगेच चादर ओढून धुवायला टाकली. माझ्या देखत. आज त्याच वहिनी माईंची शाल माझ्या अंगावर घालत होत्या.

"अगं झोप की मावशी. गादी चावती का तुला?" म्हणाल्या आणि हसल्या.

माईंचे यजमान सरकारी नोकरीत होते. ते गेल्यावर माईंना पेन्शन यायची. दर वर्षी दिवाळीनंतर माई जिवंत आहेत हे दाखवावं लागायचं. माई अंथरुणाला खिळलेल्या, म्हणून बँकेचं माणूस घरी यायचं. माई वारल्या त्या नांदेडला, लेकीच्या घरी. सगळं तिकडंच झालं. इकडं कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलं की वहिनी म्हणायच्या, "बऱ्या आहेत, लेकीकडं आहेत." मला वाटायचं, दुःखामुळं तोंडातून निघत नसेल. त्या दिवशी कळलं. पेन्शन चालूच होती, आणि आज बँकेचं माणूस येणार होतं.

"दादा, माझं तोंड वेगळं आहे हो," मी कशीबशी बोलले.

"म्हाताऱ्या बायकांचं तोंड कोण बघतंय? आणि तू बोलतेस कुठं? तू बोलत नाहीस म्हणून तर तुला ठेवलंय."

मग आवाज खाली आणून म्हणाले, "नाही म्हणायचं असेल तर गाठोडं उचल. आणि तुझी ती विधवा पेन्शन आहे ना, एक फोन केला की बंद. ऑफिसात आपली माणसं आहेत."



माझा नवरा अफझलगंजात हमाल होता. जन्मभर दुसऱ्याची पोती वाहिली. गेला तेव्हा सेठनं मयतीचा खर्च केला आणि हात झटकले. पोरंबाळं नाहीत. राहिली ती सरकारची पेन्शन. थोडीच. पण साबण आणि गोळ्या मी त्यातून घेते, कुणापुढं हात पसरत नाही. माईंचंही तसंच होतं. एरवी त्या घरात त्यांचं कुणी ऐकायचं नाही. पण पेन्शन आली की आवाज चढायचा. "माझ्या पैशानं सीताफळं आण," म्हणायच्या, आणि दादा मुकाट आणायचे. म्हाताऱ्या बाईच्या आवाजात जोर कुठून येतो, ते मी डोळ्यांनी बघितलंय.

मी झोपले. भिंतीकडं तोंड करून.

उशीला माईंच्या तेलाचा वास होता. छाती इतकी धडधडत होती की शाल हलतेय असं वाटलं. बँकेच्या माणसाला कळलं तर पोलीस. नाही कळलं तर मी माई. मग मी कुठं गेले? उद्या मी खरंच मेले तर हे सांगतील, मावशी गावाला गेली. आणि कुणी विचारणारही नाही.

बेल वाजली. बँकेची मुलगी आली. वयानं लहान, हातात हेल्मेट. दादांचा आवाज एकदम गोड झाला. "दो मिनट का काम है मॅडम. अम्मा को सुनाई कम देता."

ती सरळ पलंगावर येऊन बसली, माझ्याजवळ. माझा हात हातात घेतला. "अम्मा, कैसे हैं? नाम बोलो आपका."

त्या घरात मला माझं नाव कुणी विचारलं नव्हतं. मावशी, अगं, ए. मी तिच्याकडं वळले आणि नाव सांगितलं. माझं. नवऱ्याचं आणि आडनाव पण.

दादा हसले. "आजकल ऐसाच बोलती मॅडम. कामवाली का नाम लेती. दिमाग चलता नहीं."

"दिनभर वोच रहती ना पास में," वहिनी म्हणाल्या.

ती मुलगी पण हसली. समजून घेतल्यासारखी. आणि तिनं पेन काढलं.

मी खरं बोलले होते आणि ते वेड्या म्हातारीचं बोलणं ठरलं. आता परत नाव सांगून उपयोग नव्हता. माईंना जे वर्षानुवर्षं जमलं नव्हतं, तेवढंच करण्यासारखं होतं. मी शाल फेकली. पाय खाली सोडले. आणि उभी राहिले.

"माई मर गए. मैं काम करनेवाली."

ती मुलगी दचकून उठली. हेल्मेट खाली पडलं, गरगरत गेलं. तिनं हातातल्या कागदावरचा माईंचा फोटो बघितला, मला बघितलं. "सर, ये क्या है?" एवढंच म्हणाली आणि बॅग बंद केली.

ती गेल्यावर दादा ओरडले नाहीत. त्याचीच जास्त भीती वाटली. "पोलीस आले तर पलंगावर कोण होतं? तू. शाल कुणाच्या अंगावर? तुझ्या. तुलाच नेतील." वहिनींनी माझं गाठोडं दाराबाहेर ठेवलं. वर शाल टाकली. "ही पण ने. आता ही कोण अंगावर घेणार?" मी शाल जिन्यात ठेवली आणि उतरले.

मलकपेठेत बहिणीच्या खोलीवर आले. दारात गाडी थांबली की पोलीस वाटायचे. नळावरसुद्धा जात नव्हते. पेन्शनचा दिवस आला तरी पोस्टात जायला मन होईना.

"तू चोरी केलीस का?" बहिणीनं विचारलं.

"नाही."

"मग चल. हौली कुठली, खुळी! सरकार काय त्याच्या खिशात आहे का?"

रांगेत उभी राहिले. यंत्रावर बोट ठेवलं. लागलं नाही. परत ठेवलं. नाही लागलं. वाटलं, दादांनी फोन केला. संपलं.

"अम्मा, हात पोंछो. पसीना है," पोस्टातला माणूस म्हणाला.

पदराला बोट पुसलं. ठेवलं. पैसे आले. माझ्या नावावर. दरवेळेएवढेच, थोडे, औषधालासुद्धा न पुरणारे. सरकारनं ह्याहून जास्त द्यायला पाहिजे, हेही मी आता म्हणते. पण ते बंद करणं दादांच्या हातात नव्हतं. कधीच नव्हतं. त्यांनी मला नुसत्या शब्दानं झोपवलं होतं.

नंतर बँकेनं बोलावलं. बहिणीला घेऊन गेले आणि सगळं सांगितलं, शालीपासून. मला कुणी धरलं नाही. माई गेल्यावर उचललेली पेन्शन परत भरा, असं दादांना सांगितलं गेलं.

काल वहिनी आल्या. दारातच उभ्या राहिल्या. "भरले बाई सगळे. व्याजासकट. आज शेवटचे भरून आलो. आता तरी आमच्या बिल्डिंगमध्ये कुठं बोलू नकोस. आमच्या पोरीचं लग्न करायचंय."

मी उठून दारापाशी गेले.

"बोलणार वहिनी. कुणी विचारलं तर बोलणार. नाही विचारलं तरी बोलणार."

"पैसे दिले की सगळे!"

"सरकारचे दिले."

त्या गेल्या. भीती अजून आहे, ती जाईल असं वाटत नाही. तिला घेऊनच बोलेन. मला जिवंतपणी मेलेल्या बाईच्या जागी झोपवलं, हे मी माफ करणार नाही. पैसे मात्र फिटले. शेवटच्या रुपयापर्यंत.